खिळेवाले मामा आणि वळणावरची सावर

डिसेंबरातला पहिला रविवार, सकाळी साडेआठ. निसर्ग मंडळाची मासिक बैठक, स्थळ आमचा हॉल. हजर: सावंत सर, डॉक्टर शेख, प्रज्ञा कांबळे, निकिता आणि मी. उशिरा हजर: मामा, खांद्यावर पिशवी, पिशवीत खिळे.

मुलुंड पूर्वेला असं एकही झाड नसेल ज्याने मामांच्या हातून उपचार घेतले नाहीत, आणि असा एकही क्लासवाला, पेस्ट कंट्रोलवाला किंवा रूम भाड्याने देणारा एजंट नसेल ज्याने मामांना मनातल्या मनात तरी शिव्या दिल्या नाहीत. मामा म्हणजे माझ्या जावेचे सख्खे मामा. जाऊ लग्नानंतर दोन वर्षांत नागपूरला गेली आणि मामा माझ्या वाट्याला आले. तेव्हापासून जावेचे कमी आणि माझेच जास्त आहेत. मंडळातले सगळेही त्यांना मामाच म्हणतात. डॉक्टर शेख त्यांच्यापेक्षा वयाने मोठे आहेत, तरी ते पण मामाच म्हणतात.

मामांचं आयुष्यातलं एकच वैर आहे, ते झाडाला मारलेल्या खिळ्याशी. गंमत म्हणजे त्यांची सगळी नोकरी हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकण्यात गेली. काउंटरच्या मागे उभं राहून त्यांनी किलोकिलोने खिळे तोलले, कागदाच्या पुड्या बांधल्या आणि लोकांना 'यापेक्षा अर्धा इंच मोठा घ्या' असा सल्लाही दिला. निवृत्त झाल्यावर एक दिवस ते भाजी आणायला निघाले आणि रस्त्यातल्या गुलमोहरावर त्यांना आपल्याच दुकानातले खिळे दिसले. भाजी राहिली. ते घरी परत आले, हातोडी घेतली आणि गेले. याबद्दल कोणी विचारलं की ते म्हणतात, "आयुष्यभर विकले, आता परत गोळा करतोय. गिऱ्हाईकांची तक्रार नको."

त्यांच्या पिशवीत काय काय असतं ते मला पाठ आहे, कारण दर सहलीला ती पिशवी शेवटी मलाच उचलावी लागते. खिळे उपटायची हातोडी, एक लांब दांड्याची पक्कड, शिवणयंत्राच्या तेलाची कुपी, मेणाचा गोळा, बसायला घडीचं स्टूल आणि पार्ले बिस्किटाच्या जुन्या डब्यात त्या दिवशीचे खिळे. पद्धत ठरलेली. आधी खिळ्यावर तेलाचा थेंब सोडायचा. मग स्टुलावर बसून तेल मुरेपर्यंत झाडाशी बोलायचं. मग "जरा दुखेल हं" असं सांगून खिळा काढायचा, भोकात मेण भरायचं आणि वर दोन बोटांनी थोपटायचं. दाताच्या डॉक्टरकडे मी अनेकदा गेले आहे, मला इतक्या प्रेमाने कोणी सांगितलेलं नाही. हे मी एकदा डॉक्टर शेखांना बोलून दाखवलं. ते दातांचेच डॉक्टर आहेत. ते म्हणाले, "मामांचा पेशंट ओरडत नाही ना नीलिमाताई, म्हणून परवडतं."

खिळ्यावरून माणूस ओळखायची मामांना सवय आहे. "हा क्लासवाला कंजूष बघ, गंजका वापरलाय. याच्याकडे पोराला घालू नकोस," असं ते रस्त्यात कुठल्याही आईला थांबवून सांगतात. काढलेली पाटी मात्र ते कधी फेकत नाहीत. पाटीवर जो नंबर असेल त्याला फोन लावायचा आणि सांगायचं, "तुमची पाटी माझ्याकडे आहे. येऊन घेऊन जा. खिळा मिळणार नाही." एका रूम-एजंटला वाटलं मामांना रूम हवी आहे. तो घरी आला, चहा प्यायला, मामींना तीन फ्लॅटचे फोटो दाखवून गेला. पाटी न्यायची विसरला. एक पेस्ट कंट्रोलवाला भांडायला आला होता. तो आता मंडळाचा वर्गणीदार आहे आणि आपल्या पाट्या विजेच्या खांबाला तारेने बांधतो.

निसर्ग मंडळाच्या दृष्टीने मामा ही मोठी अडचण आहे हेही लिहायला हवं. आमच्या सहली वेळेवर निघतात, कारण त्या मी काढते. पण मामा बरोबर असले की त्या पोचत नाहीत. मागच्या वर्षी खाडीवर रोहित पक्षी बघायला निघालो. पंधरा माणसं, दुर्बिणी, केळी, पाणी, सगळं यादीप्रमाणे. मिठागराच्या रस्त्याला लागेपर्यंत मामांना सात झाडं भेटली. सावंत सर भूगोलाचे मास्तर, भरती-ओहोटीचं गणित करून वेळ ठरवणारे. ते घड्याळ बघून बघून रडकुंडीला आले.

"मामा, ओहोटी संपत आली. पाखरं थांबायची नाहीत आपल्यासाठी."

"पाखरं उडतील आणि परत येतील सर," मामा पक्कड सावरत म्हणाले, "खिळा कुठे उडून जातोय? आधी तो."

आम्ही पोचलो तेव्हा भरती होती. रोहित दूर पलीकडे, वाळत घातलेल्या गुलाबी टॉवेलांसारखे दिसत होते. निकिताने तरी फोटो काढले. त्यातल्या एकात मामा आहेत, पाठमोरे, शेवटच्या चिंचेशी बोलताना.

माझ्या भाच्याच्या रिसेप्शनला तर त्यांनी कहर केला. हॉलच्या लॉनवर आंब्याचं जुनं झाड होतं आणि त्याच्या फांद्यांवर खिळे मारून दिव्यांच्या माळा सोडल्या होत्या. मामा सुटाबुटात आले होते, पिशवी आणली नव्हती. मी निश्चिंत होते. जेवण चालू असताना माझ्या लक्षात आलं की आइस्क्रीमच्या टेबलाजवळचा कोपरा अंधारात गेला आहे. मग त्याच्या शेजारचा. मग एक माळ बँडवाल्यांच्या अंगावर आली आणि सनईवाला मध्येच थांबला. मामा वाढायच्या चमच्याच्या दांड्याने खिळे काढत होते. मुलीकडचे लोक बघत होते. मी दातओठ खात म्हटलं, "मामा, लग्न आहे हो!"

"लागलं ना?" मामा म्हणाले. "मग आता त्या बिचाऱ्याला मोकळं करू दे."

बिचारा म्हणजे आंबा. नवऱ्यामुलाला मोकळं करायची वेळ टळून गेली होती, हे मामांनीच वर हसून सांगितलं, मुलीच्या वडिलांना.

तर अशा मामांनी डिसेंबरच्या त्या बैठकीत आल्याआल्या पिशवी माझ्या टीपॉयवर उपडी केली. हा त्यांचा दर महिन्याचा रिवाज आहे. आधी खिळे, मग पाट्या. खिळे किती ते निकिता मोजते आणि पाट्या मी लावून ठेवते. इंग्लिश स्पीकिंग, घरपोच डबा, वजन कमी करा, मूळव्याध. त्या सगळ्यांत एक कागद होता, प्लॅस्टिकमध्ये घातलेला, चारही कोपऱ्यांना भोकं.

"आणि हा बघा," मामा विजयी स्वरात म्हणाले, "आता महापालिकाच झाडाला खिळे मारायला लागली! चार खिळे, नवेकोरे, दोन इंची. मी काढला तो आणि वॉर्ड ऑफिसला तक्रार पण टाकून आलो. पोच घेतली आहे."

मी तो कागद वाचायला घेतला. मामा खिळा बघतात, कागद बघत नाहीत. मला कागद दिसला की वाचल्याशिवाय राहवत नाही. ती झाड तोडण्याची नोटीस होती. मासळी बाजाराच्या वळणावरची काटेसावर वठलेली आणि धोकादायक असून रस्ता रुंद करण्यात अडथळा ठरते, सबब ती तोडण्यात येणार आहे, कोणाची हरकत असल्यास अमुक तारखेपर्यंत लेखी कळवावी. ती अमुक तारीख आदल्या शुक्रवारीच होऊन गेली होती.

मी मोठ्याने वाचलं.

प्रज्ञा दुसऱ्या एका वॉर्ड ऑफिसात नोकरीला आहे, तिला या कामांचे नियम तोंडपाठ. तिने कागद माझ्या हातातून घेतला. "मामा, तुम्ही काढली कधी ही?"

"त्यांनी लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे ती कोणी वाचलीच नसणार. हरकत एकही गेली नसणार." ती थांबली. तिला पुढचं बोलायचं नव्हतं, पण प्रज्ञाला अर्धवट सोडता येत नाही. "हरकत नाही म्हणजे परवानगी, मामा. कधीही येऊन तोडतील."

ही सावर म्हणजे आमच्या भागातली सर्वांत जुनी. मंडळाची पक्ष्यांची पहिली मोजणी तिच्याखाली झाली. फेब्रुवारीत ती फुलली की साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, हळद्या, पळसमैना, सगळं आकाश तिच्याकडे जेवायला येतं. इतकी वर्षं आम्ही प्रत्येक नोटिशीवर डोळा ठेवतो, हरकती लिहितो, सुनावण्यांना जातो. आणि आमच्याच माणसाने आमच्याच झाडाची नोटीस खिळ्यापायी काढून नेली. असली चूक दुसरं कुठलंही मंडळ करू शकलं नसतं.

मामा खिळे परत डब्यात भरायला लागले. एकेक, आवाज न करता. त्या दिवशी चहाही न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा, प्रज्ञा आणि मी वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्यात गेलो. प्रज्ञाने रजा टाकली होती. रिक्षात तिने मामांना पढवलं, "मुद्दा एकच. नोटीस ठरलेले दिवस झाडावर नव्हती, म्हणून ती पुन्हा लावा. का नव्हती ते आपण होऊन सांगायचं नाही. बोलणार मी. तुम्ही फक्त बसायचं."

मामांनी मान हलवली. अधिकारी तरुण होता, समोर फायलींची चवड आणि गार झालेला चहा. प्रज्ञाने मुद्दा मांडला. त्याने विचारलं, "नव्हती कशावरून म्हणता तुम्ही? आमच्या माणसाने लावल्याचा फोटो आहे."

"कारण ती माझ्याकडे आहे," मामा म्हणाले आणि पिशवीतून नोटीस काढून टेबलावर ठेवली.

प्रज्ञाने डोळे मिटले. अधिकाऱ्याने आधी नोटिशीकडे पाहिलं, मग मामांकडे. "काका, सरकारी नोटीस काढलीत? गुन्हा आहे हा, माहिती आहे ना?"

"आहे. आणि झाडाला खिळा मारणं हा पण गुन्हाच आहे. तुमचं ऑफिसच तसे बोर्ड लावतं." मामांनी खिशातून चार खिळे काढून नोटिशीवर ठेवले. "हे तुमचे. चला, दोघं बरोबरच पोलिसात जाऊ. रिक्षाचे पैसे मी देतो."

त्या अधिकाऱ्याने एक खिळा उचलून बघितला. मग हसला, अगदी आतून. गार चहा एका घोटात संपवून म्हणाला, "तुमची ती तक्रार माझ्याकडेच आली आहे. आली त्या दिवशी सगळं ऑफिस वाचून दाखवत होतं एकमेकांना." आणि मग हसू आवरून त्याने आम्हाला स्पष्ट सांगितलं. नोटीस पूर्ण मुदतभर लागलेली नाही हे कागदावर आलं आहे, त्यामुळे ती पुन्हा लावावी लागेल. पण ही शेवटची. या वेळी गायब झाली तर तिसऱ्यांदा लागणार नाही.

"खिळा नको," मामा म्हणाले.

"मग काय, डिंक लावू?"

"सुतळी. मी बांधतो."

"तुम्हीच बांधा आणि तुम्हीच सांभाळा, काका."

आणि अशा रीतीने, सगळ्या मुलुंडच्या झाडांवरून कागद उतरवत फिरलेला माणूस एका कागदाची राखण करायला बसला.

मामांनी घरून प्लॅस्टिकची खुर्ची आणली. सकाळी दूध घेऊन आले की बसायचे, दुपारी मामी डबा घेऊन यायच्या तेव्हा तेवढ्यापुरते उठायचे, आणि बाजार उठला की घरी. सावरीखालीच पार्वतीबाई मासळी विकायला बसते. भांडुप गावची कोळीण, तिची आईही तिथेच बसायची. मामांच्या खुर्चीने तिच्या पाटीची अर्धी जागा खाल्ली. पहिल्या दिवशी तिने त्यांना भरपूर ऐकवलं. मग मामांनी तिला नोटीस वाचून दाखवली. ती वर झाडाकडे बघून म्हणाली, "ये झार तोरला तं मी मासली इकाला कयं बसू रं मामा?" त्या दिवसापासून बोंबील घ्यायला येणाऱ्या प्रत्येक बाईला ती आधी हरकतीच्या कागदाकडे पाठवू लागली. "आधी सही, मंग मासली." निकिताने छापून आणलेले हरकतीचे कागद शाईच्या वासाऐवजी कोळंबीच्या वासाचे झाले. तसेच आम्ही ते ऑफिसात दिले.

मामांना लोकांशी गोड बोलता येत नाही. झाडाशी येतं, लोकांशी नाही. पण त्या दिवसांत त्यांनी तेही शिकून घेतलं. "या, हरकत घ्या" असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सत्यनारायणाचा प्रसाद दिल्यासारखं म्हणायचे. एका संध्याकाळी कुठल्याशा दादांच्या वाढदिवसाचा बॅनर बांधायला पोरं आली. बॅनर नोटिशीवर येत होता. मामा खुर्चीवर उभे राहिले. मी नेमकी तेव्हा पोचले आणि ते खाली पडणार या हिशेबाने पिशवी टाकून धावले.

"दादा मोठे आहेत ना?" मामा त्या पोरांना म्हणत होते. "मग एवढ्याशा झाडावर कशाला लावता? समोर पेट्रोल पंपाची भिंत आहे, तिथून दादा हायवेपर्यंत दिसतील."

पोरांना पटलं. जाताना एकाने सहीसुद्धा केली. त्याचं नाव वाचून मामा म्हणाले, "बघ, दादांचा पुतण्या. मजबूत खिळा."

नोटिशीचा खरा शत्रू निघाली एक बकरी. खाटकाच्या गल्लीतून सुटून आलेली. मामा डबा खायला वळले तेवढ्यात तिने प्लॅस्टिकसकट नोटिशीचा खालचा उजवा कोपरा खाल्ला. पार्वतीबाईने तिला पाटीच्या झाकणाने हाकललं. मी संध्याकाळी गेले तेव्हा मामा दोन कॉलेजच्या मुलींना नोटीस वाचून दाखवत होते, बोट ओळींवरून फिरवत, अगदी शेवटपर्यंत. "...सदर हरकती उद्यान विभागाच्या कार्यालयात, पहिला मजला, कार्यालयीन वेळेत..." बोट त्या वेळी बकरीने खाल्लेल्या कोपऱ्यावर होतं. तिथे कागदच नव्हता.

मुली गेल्यावर मी विचारलं, "मामा, तुम्हाला हे वाचता येतंय का?"

"पाठ आहे."

"ते कळलं. दिसतंय का?"

मामांनी पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. "खिळा बोटाला कळतो गं. त्याला डोळे कशाला लागतात?"

मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, आणि तो बराच पिकलेला. मामींना माहीत होतं, बाकी कोणाला नाही. त्यांची बदलापूरला राहणारी मुलगी दर आठवड्याला फोनवर ओरडत होती, ऑपरेशन करून घ्या. मामा म्हणत होते, सावरीचं होऊ दे, मग. मी चिडले. मी म्हटलं, हा कुठला हिशेब? झाड काय तुमच्या डोळ्यांवर उभं आहे का? ते म्हणाले, "पट्टी बांधून बसलो आणि मधल्या दिवसांत तोडली तर?" मी घरी येऊन माझ्या कामांच्या यादीत 'मामांचे डोळे' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

जानेवारीत पाहणी ठरली. रस्ते खात्याचे इंजिनिअर आले, उद्यान खात्याचा तो तरुण अधिकारी आला. आम्ही सगळे होतो, पार्वतीबाई होती. हरकतींचा गठ्ठा चांगला जाड झाला होता, पण झाड मात्र आमच्या विरुद्ध साक्ष द्यायला उभं असल्यासारखं दिसत होतं. थंडीत सावर सगळी पानं टाकते. एकही पान नव्हतं. करड्या, उघड्या, आडव्या फांद्या आणि त्यावर दोन कावळे.

इंजिनिअर वाईट माणूस नव्हता. त्याने वर पाहिलं आणि मामांना हळूच म्हणाला, "काका, हे मेलेलं आहे हो. उगाच कशाला त्रास करून घेता? उद्या कोणाच्या डोक्यावर पडलं तर?"

"मेलेलं नाही. झोपलंय."

"सगळे असंच म्हणतात."

तेव्हा उद्यान खात्याचा अधिकारी म्हणाला की साल थोडी खरवडून बघू, आत हिरवी असेल तर जिवंत. साधी गोष्ट होती. त्याच्याकडे चाकू नव्हता. सगळ्यांनी मामांच्या पिशवीकडे पाहिलं. मामांनी डब्यातून एक खिळा काढला, लांबसा, सरळ, आणि बुंध्याजवळ गेले. डाव्या हाताने त्यांनी सालीवर जागा चाचपली. उजवा हात वर नेला. आणि तो तिथेच राहिला.

मी त्यांना इतकी वर्षं बघते आहे. वाटेल त्या वाकड्या खिळ्याला हार न जाणारा तो हात पुढे जाईना. त्यांना ते जमेना. इंजिनिअरने घड्याळ बघितलं.

"सरक मामा, बाजूला," पार्वतीबाई म्हणाली. ती तिचा मासे कापायचा कोयता पाण्याने खळबळून, लुगड्याला पुसून घेऊन आली. "मला माफ कर गं बाय," असं झाडाला म्हणून तिने एका फटक्यात नखाएवढी साल उडवली.

मामा वाकले. चेहरा सालीला टेकेल इतके जवळ गेले. मग मागे न वळता त्यांनी विचारलं, "नीलिमा, हिरवं आहे ना?"

"हिरवं आहे मामा."

"नक्की?"

इंजिनिअरसुद्धा वाकून बघत होता. त्यानेच उत्तर दिलं. "हिरवं आहे, काका. ओलं आहे चांगलं."

मामांनी पिशवीतून मेण काढलं आणि ती जागा बुजवली. वर दोन बोटांनी थोपटलं. प्रज्ञाने मात्र तेवढ्यात दोन्ही अधिकाऱ्यांकडून जागेवरच पाहणीच्या कागदावर 'जिवंत' हा शब्द लिहून घेतला, खाली सह्या घेतल्या आणि तारीख टाकायला लावली. अशी माणसं मंडळात असावीत.

निर्णय यायला वेळ लागला. त्याआधी सावरीनेच आपला निर्णय कळवला. एका सकाळी पार्वतीबाईचा मला फोन आला, "ये, बघ." फांद्यांच्या टोकांना काळपट हिरव्या कळ्या धरल्या होत्या आणि त्यातली एक उमलली होती, मांसल, लालभडक, एखादीने ओठ रंगवावेत तशी. पुढच्या आठवड्यात सगळी सावर पेटली. सकाळी साडेसहाला झाडावर असा कालवा की खालचा बाजार लाजावा. साळुंक्या, पोपट, पळसमैनांचे थवे, सगळे फुलात तोंड घालून भांडत होते. टपाटप फुलं पडत होती, पार्वतीबाईच्या पापलेटांवर, मामांच्या खुर्चीत. गाड्या थांबवून लोक फोटो काढत होते आणि म्हणत होते, अरे, हे झाड इथे होतं?

मामा वर तोंड करून बसले होते. मी विचारलं, "दिसतंय?"

"लाल दिसतंय," ते म्हणाले. "ढग असतो तसं. पाखरं ऐकू येतात." मग थोड्या वेळाने, "हळद्या आहे ना गं त्यात?"

"आहे."

"कसा दिसतो?"

मी त्यांना सांगितलं. मला वर्णन करणं जमत नाही. मी म्हटलं, पिवळा आहे, पंख काळे, चोच गुलाबीसर. त्यांनी ते सगळं मन लावून ऐकलं.

फेब्रुवारीत पत्र आलं. रस्त्याची रेषा वळणावर थोडी आत घेतली आहे आणि झाड राहील. मात्र बुंध्याला चारी बाजूंनी काँक्रीट भिडलं आहे, मुळांना पाणी जात नाही. ते गोलाकार फोडून तिथे माती भरायचं काम मंडळाने पावसाळ्यापूर्वी करावं, परवानगी सोबत जोडली आहे. आम्ही सगळ्यांनी ते पत्र झाडाखाली उभं राहून वाचलं. सावंत सरांनी पेढे वाटले. डॉक्टर शेख दोन खाऊन म्हणाले, दातांना वाईट आहेत, मग तिसरा घेतला. मी लगेच कामाची वाटणी केली: पहार सरांकडून, घण पेस्ट कंट्रोलवाल्याच्या भावाकडून, मातीची पोती निकिताच्या मित्राच्या टेम्पोतून, चहा पार्वतीबाई. पुढचा रविवार.

"पुढचा नको," मामा म्हणाले.

"का? परवानगी आहे हातात."

"पाहुणे आहेत." त्यांनी वर बोट दाखवलं. "घणाचे दणके बसले तर जेवणावरून उठतील. फुलं संपू दे. मग फोडा."

यावर मत घ्यायची गरज पडली नाही. आणि याच्या बदल्यात मी मामांकडून एक कबूल करून घेतलं. पाहुणे जेवेपर्यंतच्या वेळात त्यांनी बदलापूरला जाऊन डोळे करून यायचं. मी जातीने त्यांना आणि मामींना टॅक्सीत बसवलं. पिशवी माझ्याकडे ठेवून घेतली. ती देताना त्यांनी मला पक्कड कशी तिरकी धरायची ते दोनदा दाखवलं.

पहिला डोळा चांगला झाला. दुसरा व्हायचा आहे. डॉक्टरांनी तोवर प्रवास नको, वाकणं नको, धूळ नको असं सांगितलं आहे. काँक्रीट फोडायचं म्हणजे धूळ आलीच. पण मामांना तिथे हजर राहायचं आहे, नुसतं खुर्चीवर, चष्मा लावून, लांब.

इकडे मार्च संपत आला आहे. सरांची पहार माझ्या बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे उभी आहे आणि घण दारामागे. घण परत कधी देणार, म्हणून त्या पेस्ट कंट्रोलवाल्याच्या भावाने दोनदा विचारलं. यादीतली एवढीच ओळ उघडी आहे. तिच्यासमोर बरोबरची खूण करायला माझा हात शिवशिवतो.

काल संध्याकाळी मामांचा फोन आला. आधी मामींची तब्येत, बदलापूरचं पाणी, नातवाची परीक्षा. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "फुलं संपली का गं?"

मी वळणावरच उभी होते, हातात कोळंबीची पिशवी. वर पाहिलं. फूल एकही नव्हतं; फांद्यांना बोंडं धरली होती आणि पोपटी कोवळी पालवी फुटायला लागली होती.

"आहेत अजून," मी म्हटलं. "शेंड्याकडे. चारदोन."

"मग थांबा," मामा म्हणाले. "येतोच मी."